घासलेल्या दातांनी सांगितलेली गोष्ट

मेक्सिको सिटीत मेट्रोचं खोदकाम चालू होतं तेव्हा एका जुन्या हॉस्पिटलच्या जागेवर एकत्र पुरलेले सांगाडे सापडले. हॉस्पिटल सोळाव्या शतकातलं, तिथल्या मूळ रहिवाशांसाठी बांधलेलं, पण त्यातल्या तिघांचे पुढचे दात मुद्दाम घासून आकार दिलेले होते, पश्चिम आफ्रिकेतले काही समाज तेव्हा तसं करायचे.

2020 मध्ये त्यांच्या डीएनएचा अभ्यास छापून आला. तिघेही पुरुष, तिघेही आफ्रिकन. आणि जन्मही मेक्सिकोतला नाही, हे परत दातांवरूनच कळलं. म्हणजे बघा, खडकातलं स्ट्रॉन्शियम नावाचं मूलद्रव्य पाण्यातून, पिकांतून पोटात जातं आणि लहानपणी दात तयार होत असताना कॅल्शियमच्या जागी जाऊन बसतं, त्याच्या दोन प्रकारांचं प्रमाण जसा खडक तसं बदलतं, आणि इनॅमल, म्हणजे दातावरचं कडक आवरण, एकदा बनलं की मरेपर्यंत तेच राहतं. त्यामुळे माणूस समुद्रापार जाऊन मेला तरी लहानपणी कुठलं पाणी प्यायला ते दातात शिल्लक असतं. त्यांच्या हाडांवर जड ओझ्यांच्या, मारहाणीच्या खुणा आहेत. मला तर हे वाचून गलबलून आलं.

आपण शाळेत 'स्पेनने अमेरिका जिंकली' एवढंच शिकतो. 1521 मध्ये अझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान (आजचं मेक्सिको सिटी) पडली तेव्हा स्पॅनिश सेनानी कोर्तेसच्या बाजूने लढणारे बहुतेक जण त्लाश्काला या शेजारच्या राज्यातले आणि आसपासचे स्थानिकच होते, स्पॅनिश मूठभर. हुआन गारिदो हा कोर्तेसच्या सैन्यातला आफ्रिकन सैनिक, त्याने 1538 मध्ये राजाकडे अर्ज केला की या मुलखात गहू पहिल्यांदा मी पेरला, मला काहीतरी द्या.

आणि स्पेनमध्ये ज्यू किंवा मुस्लिम घराण्यातून ख्रिश्चन झालेल्यांना तर अमेरिकेत जायला बंदीच होती! तरी ते गेले. 2018 च्या एका अभ्यासात लॅटिन अमेरिकेतल्या पाच देशांतल्या साडेसहा हजारांवर लोकांची जनुकं तपासली, त्यात जवळपास पाव लोकांमध्ये अशा धर्मांतरित पूर्वजांकडे बोट दाखवणारा वाटा 5 टक्क्यांहून जास्त निघाला, म्हणजे कागदावर जे लपवलं ते रक्तात राहिलंच की.

1565 पासून फिलिपिन्स ते मेक्सिकोतलं अकापुल्को बंदर अशी जहाजं सुरू झाली, पुढे ती मनिलाहून सुटायची, आणि आशियातली माणसंही तिकडे पोचली. सतराव्या शतकात मिर्रा नावाची भारतातली एक मुलगी पोर्तुगीज चाच्यांच्या हाती सापडली आणि मनिलामार्गे मेक्सिकोत पुएब्ला शहरात विकली गेली. कातारिना दे सान हुआन या नावाने ती तिथेच 1688 मध्ये वारली. लोक तिला 'चिना' म्हणायचे, कारण मनिलाच्या जहाजातून उतरलेला कुठलाही माणूस त्यांच्या लेखी चिनीच.