मत आधी की कृती आधी?

रिकामी रिळं ट्रेमध्ये ठेवायची. बारा झाली की ट्रे रिकामा करायचा आणि पुन्हा भरायचा, तेही एकाच हाताने. अर्धा तास हेच. मग समोर ४८ चौकोनी खुंट्यांची पाटी. एकेक खुंटी पाव फेरा फिरवायची, शेवटच्या खुंटीपर्यंत पोहोचलं की परत पहिलीपासून. आणखी अर्धा तास. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर आणि जेम्स कार्लस्मिथ यांनी हे काम दिलं होतं ते मुद्दाम, कंटाळा यावा म्हणूनच.

खरा प्रयोग त्यानंतर सुरू झाला. ‘बाहेर एक मुलगी थांबली आहे. आता तिची पाळी. काम मजेचं आहे, असं तिला सांगाल का?’ अशी विनंती विद्यार्थ्यांना केली गेली. या खोट्याबद्दल काहींना १ डॉलर मिळाला, काहींना २०. मुलगी अर्थातच संशोधकांच्या गोटातली होती. पुढे एका वेगळ्या मुलाखतीत विचारलं गेलं, काम तुम्हाला स्वतःला कितपत आवडलं? उणे ५ ते अधिक ५ अशी मोजपट्टी होती. ज्यांना खोटं बोलायला लावलंच नव्हतं, त्यांची सरासरी आली उणे ०.४५. वीस डॉलरवाल्यांची उणे ०.०५. आणि एक डॉलरवाल्यांची अधिक १.३५.

ज्याला जास्त पैसे मिळाले तो जास्त खूश असेल, असं आपण धरून चालतो. इथे उलटं झालं. वीस डॉलर घेणाऱ्याकडे स्वतःला द्यायला कारण होतं: पैशासाठी बोललो. एका डॉलरसाठी कोण खोटं बोलेल? बोललेला शब्द तर परत घेता येत नाही. मग बदलण्यासारखं उरतं ते आपलं मत. ‘तसं काही वाईट नव्हतं ते काम’ असं मन स्वतःला समजावतं. आपल्याच दोन गोष्टी एकमेकींशी जुळेनाशा झाल्या की जी अस्वस्थता येते, तिला फेस्टिंगर यांनी बोधात्मक विसंवाद म्हटलं. हा प्रयोग १९५९ साली प्रसिद्ध झाला.

या कल्पनेचं एक मूळ भारतात आहे, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर पसरलेल्या अफवा पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जमुना प्रसाद यांनी टिपून ठेवल्या होत्या. जिथे जमीन हादरली, पण पडझड झाली नाही, तिथे याहून मोठं संकट येणार असल्याच्या अफवा जोरात होत्या. घाबरलेल्या माणसांनी घबराट वाढवणाऱ्याच गोष्टी का पसरवाव्यात, हे कोडं फेस्टिंगर यांना पडलं. त्यांचं उत्तर असं: भीती आधीच मनात शिरली होती, आजूबाजूला मात्र भिण्यासारखं काही दिसत नव्हतं. अफवांनी त्या भीतीला कारण पुरवलं. मला हे स्पष्टीकरण रिळांच्या प्रयोगापेक्षाही जास्त पटतं, कारण इथे कुणी कुणाला काही करायला लावलं नव्हतं.

याच निकालांचा अर्थ डॅरिल बेम यांनी १९६७ मध्ये वेगळा लावला. अस्वस्थता वगैरे काही लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्याचं वागणं पाहून आपण त्याच्या मनातलं ताडतो, तसंच स्वतःचंही ताडतो.

मात्र या प्रयोगांवर आता जुन्या विश्वासाने भिस्त ठेवता येत नाही. १९ देशांतल्या ३९ प्रयोगशाळांनी मिळून जवळपास ४,९०० जणांवर याच धर्तीचा प्रयोग पुन्हा केला. त्याचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. इथे खोटं बोलण्याऐवजी स्वतःच्या मताविरुद्ध निबंध लिहायचा होता. लिहिणाऱ्यांची मतं निबंधाच्या बाजूला थोडी झुकली, हे दिसलं. पण निबंध स्वखुशीने लिहिला की सांगितला म्हणून, यावरून जो फरक पडायला हवा होता, तो पडला नाही. सिद्धान्ताचा कणा नेमका तोच होता: सांगितलं म्हणून लिहिलं तर स्वतःला द्यायला कारण असतं, स्वखुशीने लिहिलं तर नसतं. म्हणजे कृतीमागून मत सरकतं खरं. ते का सरकतं, याचा वाद अजून मिटलेला नाही.

आता उलट बाजू. मतामागून कृती येते का? ‘कळतं पण वळत नाही’ हे आपण रोज म्हणतो. मानसशास्त्रज्ञांना त्याचा पहिला मोठा धक्का १९३४ मध्ये बसला. अमेरिकेत चिनी लोकांविषयी उघड तिटकारा असण्याच्या त्या काळात रिचर्ड लापिएर एका चिनी जोडप्यासोबत देशभर फिरले. २५१ हॉटेलं-उपाहारगृहांपैकी फक्त एका ठिकाणी त्यांना नकार मिळाला. नंतर लापिएर यांनी त्याच ठिकाणांना पत्र पाठवून विचारलं, चिनी पाहुणे चालतील का? उत्तर देणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिकांनी ‘नाही’ कळवलं. पत्राला उत्तर देणारा आणि गल्ल्यावर बसलेला माणूस एकच होता, याची खात्री नव्हती, हा आक्षेप रास्त आहे. पण अ‍ॅलन विकर यांनी १९६९ मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा मत आणि कृती यांच्यातला सहसंबंध (० म्हणजे काहीच नातं नाही, १ म्हणजे पूर्ण जुळणी) ०.३० च्या वर क्वचितच गेलेला दिसला. अभिवृत्ती, म्हणजे एखाद्या गोष्टीविषयीचं मनात टिकून राहणारं मत, नावाची काही गोष्ट असते तरी का, अशी शंका त्यांनी घेतली.

त्यातून सुटका झाली ती प्रश्न सुधारल्यामुळे. अँड्र्यू डेव्हिडसन आणि जेम्स जॅकार्ड यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काही स्त्रियांना गर्भनिरोधनाबद्दल एकूण मत विचारलं. पुढच्या दोन वर्षांत त्यांनी गोळ्या घेतल्या की नाही, याच्याशी त्या मताचा सहसंबंध निघाला अवघा ०.०८. ‘येत्या दोन वर्षांत तुम्ही स्वतः गोळ्या घेण्याबद्दल’ मत विचारलं, तेव्हा तो ०.५७ वर गेला. स्त्रिया त्याच, वागणंही तेच. मोघम मतावरून नेमक्या कृतीचा अंदाज बांधू पाहणं, हीच चूक होती. आजही सर्वेक्षणांत ‘पर्यावरण जपावं असं वाटतं का?’ असं विचारतात आणि लोक तसं वागत नाहीत म्हणून त्यांना दांभिक ठरवतात. मला हा अन्याय वाटतो.

दुसरा धागा अनुभवाचा. कॉर्नेल विद्यापीठात एका वर्षी वसतिगृहात जागा पुरेना, म्हणून काही नव्या विद्यार्थ्यांना सामायिक खोल्यांत खाटांवर झोपावं लागलं. डेनिस रीगन आणि रसेल फाझिओ यांनी त्या मुलांची, आणि ज्यांना पहिल्या दिवसापासून खोली मिळाली होती त्यांचीही, मतं विचारली. नाराज दोघेही सारखेच होते. पण ‘अर्जावर सही करतोस का? समितीच्या बैठकीला येतोस का?’ असं विचारल्यावर खाटेवर झोपलेल्यांची मतं आणि वागणं कितीतरी जास्त जुळलं. ऐकीव मत चटकन आठवत नाही. भोगलेलं मत वेळेला समोर येऊन उभं राहतं.

मतं बनण्यासाठी मात्र दर वेळी एवढा अनुभव लागत नाही. रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये दाखवलं की अर्थहीन शब्द नुसते पुन्हा पुन्हा पाहिले तरी ते बरे वाटू लागतात. युक्तिवादाचा उपयोग होतो, पण विषय आपल्या अंगाला लागत असेल तर. नाहीतर माणूस ‘कोण बोलतंय’ एवढंच पाहून मान डोलावतो.

घट्ट रुतलेल्या पूर्वग्रहाबद्दल मला सर्वांत आशादायक वाटतो तो डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ काला यांचा मायामीतला अभ्यास. घरोघरी जाऊन केलेल्या संवादाने मतं बदलतात, असं सांगणारा एक गाजलेला शोधनिबंध २०१५ मध्ये मागे घ्यावा लागला. त्यातली आकडेवारी संशयास्पद असल्याचं उघड करणाऱ्यांत हेच दोघे होते. मग त्यांनी स्वतःच तशी पाहणी केली आणि २०१६ मध्ये निष्कर्ष मांडले. कार्यकर्ते दारात उभे राहून पारलिंगी व्यक्तींविषयी बोलत, पण भाषण देत नसत. ‘वेगळे आहात म्हणून तुम्हाला कुणी कधी कमी लेखलं होतं का?’ असं विचारत आणि समोरचा सांगेल ते ऐकून घेत. सुमारे दहा मिनिटांचं ते बोलणं. पूर्वग्रहात पडलेली घट तीन महिन्यांनंतरही मोजता आली.