अँजिओमा सर्पिजिनोसम

अँजिओमा सर्पिजिनोसम : अंतस्त्वचेच्या अगदी वरच्या भागातील केशवाहिन्या कायमच्या फुगून राहिल्याने होणारा विरळा, निरुपद्रवी त्वचाविकार. टाचणीच्या टोकाएवढे तांबडे ते जांभळट ठिपके पुंजक्यांनी उठतात. कडेला नवे ठिपके येतात, मधले काही फिके पडतात आणि डाग नागमोडी पसरतो. बहुसंख्य रुग्ण स्त्रिया असून सुरुवात सहसा विशीच्या आत, पायांवर किंवा नितंबावर होते.

इंग्रज शल्यविशारद जोनाथन हचिन्सन यांनी १८८९ मध्ये याचे वर्णन केले व तो संसर्गजन्य असावा असे सुचवले. ते मत टिकले नाही. सध्याचे नाव इंग्रज त्वचारोगतज्ज्ञ रॅडक्लिफ क्रॉकर यांनी त्यानंतर काही वर्षांनी दिले. हा जन्मजात वाहिनीदोष की नंतर झालेला वाहिनीविस्तार, यावर एकमत नाही; लहान वयातील सुरुवात व बहुधा एकाच बाजूची मांडणी पाहता पहिले मत अधिक पटते. स्त्रियांतील आधिक्यामुळे इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाकडे बोट दाखवले गेले, परंतु तपासलेल्या ऊतींत त्याचे ग्राही (संप्रेरक ज्यांना चिकटून काम करते ते पेशीतील रेणू) आढळले नाहीत. एका कुटुंबात क्ष-गुणसूत्रावरील पीओआरसीएन जनुकाचा लोप दिसला होता. त्या कुटुंबातील विकार गोल्ट्झ संलक्षणाचाच (त्वचा, हाडे, दात, डोळे यांवर परिणाम करणाऱ्या जन्मजात विकाराचा) भाग असावा, असा आक्षेप पुढे घेतला गेला व तो ग्राह्य वाटतो. बहुतेक रुग्णांत कौटुंबिक इतिहास नसतो.

निदानात खरी गल्लत त्वचेतील रक्तस्रावाने उठणाऱ्या ठिपक्यांशी (पर्प्युराशी) होते. वाहिनीबाहेर सांडलेले रक्त दाबाने हटत नाही. काचपट्टी दाबली असता अँजिओमाचे ठिपकेही पुरते मावळत नाहीत, त्यामुळे रक्तस्राव समजून प्लेटलेट व रक्त गोठण्याच्या चाचण्या विनाकारण होतात. डर्मोस्कोपखाली (त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाखाली) मात्र ठळक कडांचे गोल, लाल, तळ्यांसारखे ठिपके दिसतात. रक्तस्राव असता तर कडा विरलेल्या आणि पार्श्वभूमी तपकिरी दिसली असती. शंका उरल्यास ठिपक्यांच्या पुंजक्यातूनच बायॉप्सी घ्यावी. तीत फुगलेल्या केशवाहिन्या असतात; दाह, वाहिनीबाहेर आलेल्या तांबड्या पेशी व लोहरंजक (सांडलेल्या रक्तातून मागे उरणारे लोहयुक्त रंगद्रव्य) नसतात. हा अभावच निर्णायक होय.

उपचार केवळ दिसण्यासाठी. ५८५ किंवा ५९५ नॅनोमीटरचा स्पंदित रंजक लेसर (पल्स्ड डाय लेसर) रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये शोषला जाऊन वाहिनी बंद करतो. काही आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका लागतात. प्रत्येक बैठकीनंतर आठवडाभर जांभळेपणा राहू शकतो. सावळ्या त्वचेत मेलॅनिन हे त्वचेचे रंगद्रव्यही हा प्रकाश शोषते, म्हणून उपचाराने रंगबदलाचे डाग किंवा फोड उठण्याचा धोका अधिक. तेथे आधी छोट्या जागी चाचणी व लेसरचा मारा करताना त्वचा थंड ठेवणे अगत्याचे. क्वचित या विकाराचे डाग आपोआप फिके होतात. पूर्ण नाहीसे होणे विरळा.