रसविद्येचे जुने पुस्तक घेण्याआधी

किमया, रसशास्त्र, धातुवाद (पारा आणि धातूंवरच्या प्रयोगांची जुनी विद्या) या नावांखाली जुन्या बाजारात येणारी सगळी पुस्तके एका जातीची नसतात. म्हणून गिऱ्हाइकाला आम्ही आधी विचारतो: पुस्तक वाचायला हवे, अभ्यासाला, की संग्रहाला?

नुसते वाचायचे असेल तर मूळ प्रतीवर पैसे घालू नका. 'रसरत्नसमुच्चय', 'रसार्णव' या संस्कृत ग्रंथांच्या जुन्या छापील आवृत्त्या इंटरनेटवर फुकट मिळतात. प्रफुल्लचंद्र राय यांनी इंग्रजीत लिहिलेला हिंदू रसायनशास्त्राचा इतिहासही (खंड पहिला १९०२, दुसरा १९०९) तसाच मिळतो. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातही आधी चौकशी करावी. १८९३ पासूनची संस्था आहे.

अभ्यासाला घेत असाल तर प्रत पूर्ण आहे का, हे सगळ्यांत महत्त्वाचे. प्रत्येक फर्म्याच्या (एकत्र दुमडून शिवलेल्या पानांच्या गठ्ठ्याच्या) पहिल्या पानाच्या तळाशी बारीक अंक असतो. फर्मा बहुधा ८ किंवा १६ पानांचा. ते अंक ओळीने जुळवत जा, म्हणजे गळालेला फर्मा लगेच कळतो. यंत्रांच्या, म्हणजे प्रयोगाच्या उपकरणांच्या, चित्रांना मात्र हा उपाय चालत नाही. दोलायंत्र, डमरूयंत्र, वालुकायंत्र यांची चित्रे पुष्कळदा पृष्ठांक नसलेल्या वेगळ्या पानांवर असतात. ती कापली तरी क्रम तुटत नाही. पुस्तक पूर्ण उघडून शिलाईच्या खाचेत पाहा. तिथे कागदाची चिंचोळी पट्टी उरली असेल तर पान कापलेले आहे. 'रसरत्नसमुच्चया'त आठव्या ते दहाव्या अध्यायांत परिभाषा, यंत्रे, मुषा (धातू वितळवण्याच्या कुशी) आणि पुटे (भाजण्याच्या आचेची मापे) येतात. हा भाग अपुरा असेल तर पुढच्या कशाचाच अर्थ लागत नाही, आणि अशी प्रत आम्ही अभ्यासाला घ्या म्हणणार नाही.

मुखपृष्ठावर शके असेल तर ७८ मिळवा, संवत असेल तर ५७ वजा करा. इसवी सन मिळतो (वर्षाच्या कडेच्या महिन्यांत एकाचा फरक पडतो). पण जुने साल छापलेले म्हणजे पुस्तक जुने, असे नाही. पान तिरप्या उजेडात धरून मागच्या बाजूने बोट फिरवा. खिळ्यांच्या (धातूच्या सुट्या अक्षरांच्या) छपाईत अक्षरांचा दाब बहुधा हाताला लागतो. पान सपाट आणि अक्षरांच्या कडा पसरट असतील तर ते बहुतेक ऑफसेटवरचे पुनर्मुद्रण. त्याला मूळ प्रतीची किंमत देऊ नये.

कोपरा दुमडून कागदाची परीक्षा करू नका, तो तिथेच मोडतो. पाने उलटताना टेबलावर तपकिरी चुरा पडतो का, ते पाहा. पडत असेल तर कागद आम्लाने खचला आहे आणि नवी बांधणी त्याला सोसणार नाही. टाचणीच्या डोक्याएवढी छिद्रे जुनी असतील तर चिंता नको. त्यांतून ताजी भुकटी गळत असेल तर आत किडा जिवंत आहे. असे पुस्तक हवाबंद पिशवीत घालून उणे २० अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस बंदच राहू द्या, नाहीतर पानांवर दव धरते.

आता कळकळीची सूचना. या पुस्तकांतला कुठलाही प्रयोग घरी करू नका. पारा साध्या तापमानालाही वाफारतो, तापवला की खोलीभर विषारी वाफ होते; सोमल आणि हरताळ म्हणजे आर्सेनिकची विषारी संयुगेच. सोमलाने तांबे पांढरे पडते, चांदीसारखे दिसते, पण राहते तांबेच. पाऱ्याचा अणुक्रमांक ८०, सोन्याचा ७९. भट्टीच्या आगीने हे आकडे बदलत नाहीत, म्हणून पाऱ्याचे सोने होत नाही. पुस्तकातली औषधेही वैद्याच्या देखरेखीशिवाय घेऊ नयेत. या ग्रंथांच्या जुन्या मराठी टीकांत (विवरणांत) मापे तोळ्यांत असतात: १ तोळा म्हणजे १२ मासे, ९६ गुंजा, सुमारे ११.६६ ग्रॅम. वाचताना ती उपयोगी पडतील.

हस्तलिखित पोथी हाती आली तर आधी आम्हाला दाखवा. पंचाहत्तर वर्षांहून जुनी, महत्त्वाची हस्तलिखिते १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतात आणि परदेशी पाठवता येत नाहीत.

आमच्याकडून घेतलेल्या प्रतीत न सांगितलेले पान कमी निघाले, तर पावतीसह सात दिवसांत परत आणा. पैसे परत मिळतील.