मेलेल्या पिल्लाचा वास वेगळा आणि माइटचा वेगळा

गोव्यात वाळपईजवळ मामाच्या कुळागरात (बागायतीत) मधमाश्यांच्या तीन पेट्या सातेरीच्या (देवी नव्हे, आपली देशी माशी!) आणि एक मेलिफेराची, म्हणजे युरोपियन माशीची, ती बाहेरून विकत आणलेली. विकणारा म्हणालेला, ह्या हायजिनिक माश्या (बिघडलेली पिल्लं स्वतःच बाहेर काढणाऱ्या), व्हॅरोआ माइटचं (माश्यांवर जगणाऱ्या बारीक परजीवीचं) टेन्शनच नको, आणि दाखवलंही त्याने, बंद कप्प्यांतल्या पिल्लांना बारीक टाचणी टोचली, दुसऱ्या दिवशी बघतो तर कप्पे साफ. मामा खूश. पुढे त्याच पेटीसमोर पंख चुरगळलेल्या माश्या जमिनीवर सरपटताना दिसायला लागल्या, म्हणजे माइट आणि त्याच्यामागून येणारा व्हायरस, दोन्ही आत.

मग टेस्ट खोटी होती का? नाही हो, टेस्ट बरोबरच, पण दुसऱ्याच गोष्टीची.

टाचणीने पिल्लू मरतं. मेलेल्या पिल्लाच्या अंगातून ऑलिक आम्ल सुटतं (आपल्या काजूच्या तेलात असतं तेच), त्याला पिल्लांचा स्वतःचा बीटा-ऑसिमीनचा वास मिळाला की कामकरी माश्या झाकण फोडून ते बाहेर ओढतात. हे जुनंच माहीत असलेलं वागणं, रोथेनब्यूलरने 1964 मध्ये फाउलब्रूड ह्या पिल्लं सडवणाऱ्या रोगाच्या संदर्भात त्याची आनुवंशिकता मांडलेली. सडका आंबा टोपलीत असला की घरभर कळतं, तसंच हे.

माइटचं प्रकरण म्हणजे बाहेरून चकचकीत मानकुराद आंबा आणि आत किडा. माइटची मादी झाकण लागायच्या जरा आधी कप्प्यात शिरते, आत अंडी घालते, आणि पिल्लू जिवंतच असतं, मग मेल्याचा वास येणार कुठून? 2021 च्या एका संशोधनात अशा कप्प्यांशी जोडलेली सहा रसायनं सापडली, कीटोन आणि अ‍ॅसिटेट जातीची, जड, फारशी उडत नाहीत. म्हणजे माशीला शृंगिका अगदी जवळ न्यावी लागते. कधी ती झाकणाला भोक पाडते, तपासते आणि परत मेणाने बुजवून टाकते.

ह्यातली गंमत अमेरिकेत बॅटन रूजच्या सरकारी लॅबमध्ये झाली. नव्वदच्या दशकात तिथे काही पोळ्यांत माइटना पिल्लंच होत नाहीत असं दिसलं, म्हणून नावही तसंच दिलं, माइटचं प्रजनन दबणं. नंतर कळलं की माश्या पिल्लं घालणाऱ्या माइटचे कप्पेच जास्त करून उपसत होत्या, मागे उरलेल्या वांझोट्या, आणि मोजणाऱ्याला वाटलं सगळ्याच वांझोट्या. मग नाव बदललं, व्हीएसएच (व्हॅरोआ सेन्सिटिव्ह हायजीन, म्हणजे व्हॅरोआ ओळखून केलेली साफसफाई) झालं.

आणि सातेरी? व्हॅरोआ मुळात तिच्याच जातीचा पाहुणा. माइट लागलं की तिचं कामकरी पिल्लू लवकर मरतं, म्हणजे तिथे मेल्याचा वासच माइट ओळखायचं काम पण करून टाकतो. म्हणून आमच्याकडे हा घोळ कोणाला कळलाच नव्हता.

आता मामा टाचणी सोडून चिमटा घेऊन बसतो. जांभळ्या डोळ्यांची पिल्लं एकेक करून बाहेर, भिंगाखाली धरतो, कप्प्याच्या भिंतीवर पांढरा ठिपका म्हणजे माइटची विष्ठा, तपकिरी आई आणि तिच्या बाजूला फिकट पोरं. तो बोटावर मोजतो, आई किती आणि त्यातल्या पोरांवाल्या किती. पोरांवाल्या कमी, तर माश्या माइट ओळखणाऱ्या.