बीटा-अ‍ॅलानिन की बीसीएए? थकवा कुठला ते आधी बघा

दोन्ही अमिनो आम्लं (बीसीएए हा तिघांचा गट), व्यायामासाठीच्या दोन्ही सप्लिमेंटच्या डब्यांवर थकवा कमी करण्याचा दावा. त्यामुळे हे नाही तर ते घेऊ, असं पुष्कळांना वाटतं. पण बीटा-अ‍ॅलानिनचा रोख स्नायूवर आहे, बीसीएएचा मेंदूवर.

जिना पळत चढा. मिनिटाभरात मांड्या पेटतात, पाय उचलेनासे होतात. स्नायूत हायड्रोजन आयन साचून आम्लता वाढते; ७.१च्या आसपासचा पीएच (तो जितका कमी, तितकी आम्लता जास्त) ६.५पर्यंत उतरू शकतो. ही आम्लता झेलायला स्नायूत कार्नोसिन नावाचं संयुग असतं. बीटा-अ‍ॅलानिन आणि हिस्टिडिन हे दुसरं अमिनो आम्ल जोडून शरीर ते बनवतं; हिस्टिडिन सहसा पुरेसं असतं, अडतं ते बीटा-अ‍ॅलानिनवाचून. (प्रथिनांमधलं नेहमीचं अ‍ॅलानिन निराळं, ते इथे उपयोगाचं नाही.) बीटा-अ‍ॅलानिन रोज ४ ते ६ ग्रॅम घेतल्यास चार आठवड्यांत कार्नोसिन ४० ते ६० टक्क्यांनी वाढतं. फायदा मुख्यतः १ ते ४ मिनिटांच्या जीव तोडून केलेल्या व्यायामात, आणि तोही थोडाच.

म्हणजे हे रोज थोडी थोडी टाकी भरण्याचं काम आहे. व्यायामाच्या अर्धा तास आधी घेतलं की चेहऱ्याला, कानांना, हातांना मुंग्या येतात आणि माणूस खूश होतो, 'लागू पडलं!' म्हणून. त्या मुंग्या त्वचेतल्या चेतातंतूंच्या. साधारण ८०० मिलीग्रॅमच्या वर एकदम घेतलं की येतात, काही वेळाने जातात. थकव्याशी त्यांचा काही संबंध नाही.

बीसीएए म्हणजे ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन. यामागचा तर्क मोठा देखणा आहे. लांबच्या व्यायामात रक्तातलं मोकळं ट्रिप्टोफॅन (हेही एक अमिनो आम्ल) वाढतं, ते मेंदूत शिरून त्याचं सेरोटोनिन हे रसायन होतं आणि 'पुरे आता' असं वाटू लागतं. बीसीएए मेंदूत जातात त्याच दारातून, तेव्हा त्यांची गर्दी केली की ट्रिप्टोफॅन बाहेर अडकेल. सायकलपटूंवर करून पाहिलं, तर दमेपर्यंतचा वेळ काही वाढला नाही. दुसऱ्या दिवशीचं अंग दुखणं थोडं कमी झाल्याचं काही चाचण्यांत दिसलं, पण तो प्रश्न वेगळा. शिवाय पुरेशी प्रथिनं पोटात जात असतील, तर ही तिन्ही त्यातून मिळतातच.

प्री-वर्कआउटच्या, म्हणजे व्यायामाआधी घ्यायच्या मिश्रणात बऱ्याचदा दोन्ही एकत्र असतात. तिथे मी आधी बीटा-अ‍ॅलानिनचे ग्रॅम बघतो. एका चमच्यात दीड ग्रॅम असेल तर मुंग्या येतील, पण दिवसाचे चार ग्रॅम भरायला असे जवळपास तीन चमचे लागतील, आणि त्यात कॅफिन असेल तर तेही तिप्पट.