वारा, माईक आणि मधलं अंतर

राजगडाच्या माचीवर उभं राहून कुणी गडाची माहिती सांगतंय, मागे ढग, चित्र झकास. आणि शब्दांच्या जागी नुसती घरघर. असे व्हिडिओ आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत. दोष बहुतेक वेळा डीएसएलआर कॅमेऱ्याच्या माथी मारला जातो. पण खरी गोम हवेच्या दाबात आहे.

एक मीटरवर सहज बोलणाऱ्या माणसाच्या आवाजाने माईकच्या पडद्यावर साधारण ०.०२ पास्कल दाब पडतो. ताशी १८ किलोमीटर वेगाची झुळूक, जी अंगावर घ्यायला छान वाटते, तिचा दाब सुमारे १५ पास्कल. म्हणजे सातशे पटींहून जास्त! एकसारखा दाब ऐकू येत नाही हे खरं, पण वारा एकसारखा वाहतो कुठे? माईकवर आपटून त्याचे भोवरे होतात, दाब सतत वरखाली होतो, आणि त्यातला थोडासा अंशही शब्द बुडवायला पुरतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो.

यावर सगळ्यात गुणकारी उपाय म्हणजे ‘डेड कॅट’ नावाचं लांब केसांचं आवरण. दिसायला गमतीशीर, काम मात्र पक्कं. वारा केसांत शिरतो, घर्षणाने टप्प्याटप्प्याने मंदावतो, मोठे भोवरे मोडतात आणि माईकभोवती जवळजवळ स्थिर हवा उरते. मग आवाज का अडत नाही? कारण आवाजात हवा वाहून येत नाही, ती जागच्या जागी थरथरते. साध्या बोलण्यात ही थरथर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी असते, त्यामुळे ती केसांतून सहज पार होते. माईकसोबत मिळणारी फोमची पातळ टोपी खोलीत ठीक. माचीवर ती अपुरी पडते. तिच्या आत स्थिर हवेला जागाच नसते.

वाऱ्याची घरघर मुख्यतः खालच्या सुरात असते. म्हणून माईकवरचा ८० हर्ट्झच्या आसपासचा लो-कट, म्हणजे त्याखालचे सूर गाळणारी सोय, सुरू ठेवावा. हे काम एडिटिंगवर ढकलू नये: जोरदार झोताने रेकॉर्डिंग एकदा फाटलं की त्यातले शब्द नीट परत मिळत नाहीत.

दुसरी गोष्ट अंतराची, आणि माझ्या मते माईकच्या किमतीपेक्षा तीच जास्त महत्त्वाची. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने घटतो. आवाज परतवायला तिथे भिंती नसतात. कॅमेऱ्यावरचा माईक तीन मीटरवर आणि कॉलर माईक छातीपाशी २० सेंटिमीटरवर असेल, तर फरक २३ डेसिबलच्या वर जातो. शॉटगन, म्हणजे लांब नळीसारखा माईक लांबचा आवाज लेन्ससारखा ओढून आणतो हा गैरसमज आहे. तो बाजूचे आवाज दाबतो, तेही प्रामुख्याने वरच्या सुरातले. त्यामुळे तो बूमवर, म्हणजे लांब दांडीवर लावून फ्रेमच्या अगदी कडेपर्यंत आणावा. कॉलर माईकलाही छोटं केसाळ आवरण मिळतं, ते जरूर लावा.

कॅमेऱ्यातला ऑटो गेन, म्हणजे रेकॉर्डिंगची पातळी आपोआप कमी-जास्त करणारी सोय, बंद करावा. बोलणारा श्वास घ्यायला थांबला की ऑटो गेन आवाज वाढवतो आणि त्या फटीत वारा नि सर्किटची खरखर उसळून वर येते. गेन हाताने असा लावावा की सर्वात मोठ्याने बोललेला शब्दही मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील. हेडफोन कानावर हवाच. मीटरच्या काट्याला बोलणं आणि वारा यांतला फरक कळत नाही.

अनेक डीएसएलआरचे प्रीअँप, म्हणजे माईकचा क्षीण सिग्नल वाढवणारी सर्किटं, खरखरतात, तेव्हा वेगळा रेकॉर्डर वापरणं उत्तम. तो ४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने घेण्यावर, ठेवा, व्हिडिओचं प्रमाण तेच आहे. कॅमेऱ्याचा आवाजही चालू राहू द्या आणि सुरुवातीला एक टाळी वाजवा. दोन्ही ट्रॅकवरची तिची उंच रेघ एकमेकींखाली आणली की आवाज चित्राला जुळतो. टाळी बोलणाऱ्यापाशीच वाजवा. मात्र लक्षात ठेवा, कॅमेरा १४ मीटर दूर असेल तर त्याच्या माईकला ती ४० मिलिसेकंद उशिरा ऐकू येते, म्हणजे २५ फ्रेमच्या व्हिडिओत पूर्ण एक फ्रेम. शिवाय दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत सारखी चालत नाहीत, म्हणून लांबलचक मुलाखतीत शेवटीही एक टाळी घ्या.