‘कुत्र्याला धाकात ठेवा’ या सल्ल्यामागचा इतिहास

पिल्लू घरी आलं की सल्ल्यांचा पाऊस पडतो आणि त्यात एक सल्ला हमखास असतो: पहिल्यापासून धाकात ठेवा, नाहीतर डोक्यावर बसेल. आधी आपण जेवायचं, मग त्याला वाढायचं. दारातून त्याला पुढे जाऊ द्यायचं नाही. गुरगुरलं तर उताणं पाडून दाबून धरायचं. हे सगळे नियम ‘घरात वरचढ कोण’ या एकाच कल्पनेतून निघालेले आहेत, आणि तिचा उगम घरात माणसांसोबत राहणाऱ्या कुत्र्यांच्या अभ्यासात नाही.

आधुनिक प्रशिक्षणाची सुरुवात बहुतेक जण जर्मन पोलीस अधिकारी कॉनराड मोस्ट यांच्यापासून धरतात. श्वानप्रशिक्षणावरचं त्यांचं पुस्तक १९१० साली आलं. शाबासकी किंवा शिक्षा कृतीच्या क्षणीच मिळाली पाहिजे, उशिरा मिळाली तर कुत्रा तिचा संबंध दुसऱ्याच गोष्टीशी जोडतो, हे मोस्टना नेमकं कळलं होतं. त्यांचा हा भाग आजही खरा आहे. पण त्यांची साधनं होती पट्ट्याचा झटका, काटेरी पट्टा आणि सक्ती. काम पोलिसांचं आणि सैन्याचं, कुत्रेही वाढ झालेले. दोन महायुद्धांनंतर हीच पद्धत घरगुती कुत्र्यांच्या वर्गांत शिरली. झटके लहान मानेला सोसणार नाहीत म्हणून पिल्लू सहा महिन्यांचं झाल्याशिवाय त्याला वर्गात घ्यायचं नाही, असा पायंडा पडला.

या पायंड्याने झालेलं नुकसान कळायला १९६०चं दशक उजाडावं लागलं. अमेरिकेतल्या बार हार्बरच्या जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी पिल्लांच्या वाढीचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. तिथल्याच एका प्रयोगात काही पिल्लांना चौदाव्या आठवड्यापर्यंत माणसाचा सहवास मिळाला नाही. ती पुढेही माणसाला बिचकतच राहिली. साधारण ३ ते १२ आठवडे या काळात पिल्लू जे शांतपणे पाहतं, ऐकतं, हुंगतं, ते त्याला ओळखीचं आणि निर्धोक वाटू लागतं. सहाव्या महिन्यात वर्गात आलेल्या कुत्र्याची ही खिडकी कधीच बंद झालेली असते. मिक्सरचा आवाज, छत्री, काठी घेतलेला माणूस, लहान मुलं, जिना, वजनकाटा यांची ओळख याच आठवड्यांत व्हायला हवी, तीही लांबून, खाऊ देत, पिल्लाला मागे सरकायची मोकळीक ठेवून. लस पूर्ण होईपर्यंत घराबाहेर पाऊलच नको, ही भीतीही इथे आडवी येते. प्राणिवर्तनाच्या अभ्यासक पशुवैद्यांच्या अमेरिकन संघटनेने २००८ साली स्पष्ट सांगितलं, की पहिली लस आणि जंतनाशक दिल्यानंतर किमान ७ दिवसांनी, म्हणजे सातव्या-आठव्या आठवड्यापासून, पिल्लाला वर्गात नेता येतं.

‘वरचढ कोण’ला शास्त्राची झूल चढली ती लांडग्यांमुळे. प्राणिवर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवरचा अभ्यास १९४७ साली प्रसिद्ध केला. हे लांडगे लहानशा आवारात कोंडलेले होते. तिथून निघून जायला वाटच नव्हती. साहजिकच हाणामाऱ्या झाल्या आणि त्यांतून ‘अल्फा’ची, म्हणजे मारामारी करून कळपावर वर्चस्व मिळवणाऱ्या लांडग्याची, कल्पना पुढे आली. लांडग्यांचे अमेरिकन अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या १९७०च्या पुस्तकाने ती घरोघरी पोचवली. पुढे मेक यांनीच कॅनडातल्या एल्समीर बेटावर मोकळ्या लांडग्यांचं अनेक उन्हाळे निरीक्षण केलं. तिथला कळप म्हणजे बहुधा आई, बाप आणि त्यांची पिल्लं. मोठी झालेली पिल्लं नेतृत्वासाठी भांडत बसत नाहीत, आपलं कुटुंब थाटायला निघून जातात. १९९९ साली मेक यांनी हे शोधनिबंधात मांडलं आणि पुढे आपलं जुनं पुस्तक छापणं थांबवावं, असं प्रकाशकाला सांगितलं. स्वतःची चूक इतक्या जाहीरपणे दुरुस्त करणारा शास्त्रज्ञ विरळाच. तोवर कुत्र्याला उताणं पाडण्याचा ‘अल्फा रोल’ मात्र सर्वदूर पसरला होता.

त्याचे परिणाम २००९ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या पाहणीत दिसले. वर्तनाच्या तक्रारी घेऊन आलेल्या मालकांना विचारलं गेलं. मारणं किंवा लाथ घालणं हा उपाय करून पाहिलेल्यांपैकी ४३ टक्क्यांनी, तर अल्फा रोल करणाऱ्यांपैकी ३१ टक्क्यांनी सांगितलं, की त्यावर कुत्रा उलट अंगावर आला. गुरगुरणं हा इशारा आहे. त्याच्याही आधी तोंड फिरवणं, ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, अंग ताठणं हे इशारे येऊन गेलेले असतात. गुरगुरण्याला शिक्षा केली की इशारा बंद होतो, भीती तशीच राहते आणि पुढच्या वेळी कुत्रा थेट चावू शकतो.

धाकाऐवजी बक्षिसाची दुसरी वाट विसाव्या शतकाच्या आधीपासूनच प्रयोगशाळांतून तयार होत होती. समाधानकारक परिणाम देणारी कृती प्राणी पुन्हा करतो, हे मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक यांनी १८९८ साली मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, आणि स्किनर यांनी त्याची शिस्तबद्ध मांडणी केली. त्यांचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलंड यांनी १९४०च्या दशकात खूणआवाज, म्हणजे ‘हे बरोबर, खाऊ येतोय’ असं त्याच क्षणी सांगणारा आवाज, वापरात आणला. पोहणाऱ्या डॉल्फिनला उडीच्या क्षणी मासा देता येत नाही, शिट्टी मात्र वाजवता येते. डॉल्फिन शिकवणाऱ्या कॅरन प्रायर यांनी १९९०च्या दशकात क्लिकर, म्हणजे दाबल्यावर टक आवाज करणारी छोटी डबी, कुत्र्यांच्या मालकांपर्यंत नेली. त्याआधी, १९८०च्या दशकात, पशुवैद्य इयन डनबर यांनी पट्ट्याविना, खाऊ दाखवत पिल्लांचे वर्ग सुरू केले होते.

आज घरी ‘बस’ शिकवताना खूणआवाज आणि खाऊ दाखवणं या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. वाटाण्याएवढे मऊ तुकडे घ्यावेत. टक आवाज करून लगेच तुकडा द्यावा, असं १५-२० वेळा. आवाज होताच पिल्लू खाऊ शोधू लागलं की आवाजाला अर्थ आला. मग तुकडा नाकाजवळ धरून हळूहळू डोक्यावरून मागे न्यावा. नाक वर जातं, बूड टेकतं, टेकताक्षणी टक. हात उंच गेला तर पिल्लू उडी मारतं. ते मागे सरकत असेल तर भिंतीपाशी सराव करावा. टक उशिरा झाला तर आपण बसण्याला नव्हे, उठण्याला शाबासकी देतो. पाच-सहा वेळा जमलं की हाताची तीच खूण रिकाम्या हाताने करायची आणि खाऊ दुसऱ्या हातातून द्यायचा. हा टप्पा राहून गेल्यामुळेच ‘खाऊ दिसला तरच बसतो’ ही तक्रार येते. शब्द सर्वांत शेवटी, खुणेच्या क्षणभर आधी. एका वेळी तीन ते पाच मिनिटं पुरतात.

धाकाच्या विचारातली एक समजूत मात्र फार चिवट आहे: फाटकी चप्पल पाहून ओरडलं की कुत्रा मान खाली घालतो, म्हणजे त्याला चूक कळली. कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली १४ कुत्र्यांवर हे तपासलं. मनाई केलेला खाऊ कुत्र्याने खाल्ला असो वा नसो, तो ‘अपराधी’ चेहरा मालक रागावल्यावरच जास्त दिसला. तो मालकाच्या रागाला दिलेला प्रतिसाद होता. दोन तासांपूर्वीच्या चपलेसाठी ओरडल्याने कुत्रा एवढंच शिकतो, की मालक घरी आला की भीती वाटते. चप्पल कपाटात ठेवावी, चावायला त्याच्या हक्काची वस्तू द्यावी, आणि तिच्याशी तो रमलेला दिसला की त्याच क्षणी शाबासकी द्यावी.